सीडीत अडकलेला पाळणा

सगळी गाणी एका सीडीत मावतात म्हणून एवढं कौतुक नको, आधी हे ऐका. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी आणि मिलिंद बंगळूरच्या यशवंतपूर भागात अण्णांच्या घरी भाड्यानं राहायचो. अण्णा पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, पण घरात मराठी. त्यांच्या दिवंगत बायकोनं म्हटलेला पाळणा एका कॅसेटवर होता आणि घरातल्या प्रत्येक बारशाला तोच वाजायचा. टेप झिजत चालली, तेव्हा मिलिंदनं ऑफिसात त्याची एमपीथ्री केली आणि सीडीवर घातली.

अण्णांच्या नातीचं बारसं होतं. बाळ पाळण्यात, बायका भोवती उभ्या. मिलिंदनं सीडी लावली. ती आत गरगर फिरली आणि प्लेअर गप्प बसला.

"गाणं आत आहे अण्णा, पण या प्लेअरला एमपीथ्री वाचता येत नाही. ते कॉम्प्युटरवरच वाजेल."

"सरी," अण्णा कानडीत 'बरं' म्हणाले. "मग तुम्हीच म्हणा गं."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. इतकी वर्षं कॅसेटच म्हणत होती, त्यामुळे कुणालाच दुसरं कडवं येईना. शेवटी अण्णांनी पाळण्याची दोरी हातात घेतली आणि घोगऱ्या आवाजात अख्खा पाळणा स्वतःच म्हटला.

मिलिंद फार ओशाळला. आठवड्याभरात त्यानं साध्या प्लेअरवर वाजणारी सीडी करून आणली. अण्णांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

"आधी पोरींना पाठ होऊ दे," म्हणाले. "मग लावू."