नऊ मिनिटांची बॅटरी

हॅलो? … ताई, ठेवू नकोस. मीटिंगमध्ये असलीस तर बाहेर ये, पण ठेवू नकोस.

हो, मीच केले होते फोन. सात? … मोजलेस होय. बरं.

नाही, कोणाला काही झालेलं नाही. आई गेल्यावर आता काही व्हायला राहिलंय कोण. … बरं, चुकलं. नाही म्हणणार पुन्हा.

मला एवढंच सांग, हब कोणता घ्यायचा? … हब गं, यूएसबीचा. लॅपटॉपला लावतात तो, एका भोकाची चार भोकं करणारा. तुमच्या ऑफिसात सगळ्या टेबलांवर ते डॉक का काय तूच बसवून घेतलेस ना? मग भरवशाचा कोणता ते सांग. नाव सांग, मी धावत जाऊन आणते.

माझ्या नाही, आईच्या लॅपटॉपला. … हो, तोच, बोलक्या पुस्तकांच्या संस्थेने तिला वाचून रेकॉर्ड करायला दिलेला. … माहितीये पाच वाजता न्यायला येणार आहेत. तूच तर हो म्हणालीस त्यांना. … चिडत नाहीये, आठवण करून देतेय.

आत्ता? थांब हं, बघते… इथे भिंतीवर घड्याळच नाही, नुसता खिळा आहे. तू नेलंस का ते? … मग कामाच्या मावशींनी कुठे ठेवलं कोण जाणे. मोबाइलवर… दोन पंचवीस. अडीच वाजले ताई. अडीच तास राहिले.

हो, हो… अगं ऐक ना. पहिल्यापासून सांगते, मध्ये बोलू नकोस.

त्या लॅपटॉपमध्ये एक फोल्डर आहे. नाव ‘केर’. … केर, केरवाऱ्यातला. आईनेच ठेवलंय नाव. तयार पुस्तकं संस्थेकडे आहेत, ती कधीही मागितली तरी मिळतील. हे त्याआधीचं, न कापलेलं. वाचता वाचता खोकली, अडखळली, पाणी प्यायली, ‘थांबा, परत घेते’ म्हणाली, ते सगळं. ऐकणाऱ्यांपर्यंत जाताना ते काढून टाकतात ना? तिने मूळचं तसंच ठेवून दिलंय. सहा वर्षांचं. चारशे तास आहेत ताई.

मला ते डिस्कवर घ्यायचंय. एवढंच.

एवढंच म्हटलं खरं. लॅपटॉपला भोकं दोन. त्यातलं एक केव्हाच मेलंय. उरलं एक. त्यात चार्जर लावला तर डिस्क कुठे लावू? आणि डिस्क लावली तर चार्जर काढावा लागतो. … बॅटरी आहे. नऊ मिनिटांची. … नऊ. पूर्ण चार्ज केल्यावर. चार दिवस झाले, दुसरं करतेय काय मी?

तेही केलं. चाळीस मिनिटं चार्ज, नऊ मिनिटं कॉपी, पुन्हा चाळीस मिनिटं चार्ज. अशा बारा फेऱ्या लागतात. दहा तास. आज सकाळी एक केली, दुसरीत लॅपटॉप मध्येच डोळे मिटून बसला आणि डिस्क उघडेना. मी देव आठवले. … उघडली नंतर. पण पुन्हा तसं करायला मन धजत नाही.

नेटवरून कसं पाठवू? त्याला नेट नाही. आईनेच बंद करून घेतलं होतं, वाचताना मध्येच टिंग वाजतं म्हणून. आता चालू करायला संस्थेचा पासवर्ड लागतो.

विचारलं त्यांना. दोनदा मुदत वाढवून दिली बिचाऱ्यांनी. तिसऱ्यांदा कोणत्या तोंडाने मागू? पुढच्या वाचक बाई महिनाभर थांबल्यात. … तेही विचारलं. तुमच्याकडे आल्यावर कॉपी करून द्याल का म्हटलं. संस्थेच्या बाई नाही म्हणाल्या. वाचकाच्या घरातलं काही बाहेर जाऊ नये म्हणून हातात आल्या आल्या पुसतात. पुसणारा माणूस गाडीतच असतो म्हणे. नियम चांगलाच आहे गं. माझ्या मुळावर आलाय एवढंच.

हब? तीन झाले.

तीन. हसू नकोस. … पहिला परवा आणला, साबणाच्या वडीएवढा. भोकं चार, पण चार्जर लावायची सोयच नाही. मी नुसती भोकं मोजली आणि घेऊन आले. दुसरा काल. धातूचा. त्याला चार्जरचं वेगळं भोक आहे. … हो, लावला ना. चार्जर हबला, हब लॅपटॉपला, डिस्क हबला. दोन मिनिटं बरं चालतं. मग डिस्क टकटक करते, ‘डिस्क काढली गेली आहे’ असं येतं. कोणीही काढलेली नसते. मी हात मागे बांधून बसलेली असते. आणि चार्जर लावलेला असून बॅटरी उतरतच जाते.

मग आज सकाळी तिसरा. दुकानदार म्हणाला, बिनधास्त घेऊन जा, माझ्या घरी हाच आहे. … तसाच. काडीचा फरक नाही. गरम मात्र अगदी मन लावून होतो.

काचेमागे एक मोठा डॉक आहे त्याच्याकडे, विटेएवढा. पण दुकान आता बंद, चारला उघडतं. चारला तिथे उभी राहिले, साडेचारला घरी आले, आणि तोही टकटक करायला लागला तर मी काय करू ताई? म्हणून तुला विचारतेय. कोणता घेऊ?

काय? … पुन्हा बोल.

नाही. सोडून दे असं म्हणू नकोस. सगळं म्हण, हे नको.

पुस्तकं आहेत ना, त्यात तिचा आवाज आहे ना… आहे. मीही ऐकली. त्यात ती एकदाही खोकत नाही. त्यात ती कोणाचीच नाही गं. इतकी नीट बोलणारी बाई तुला आठवते का आपल्या घरात?

चुका काय करायच्यात… बरं. ऐक मग. मी हे तुला सांगणार नव्हते.

परवा तपासायला म्हणून त्यातली एक फाइल लावली. नावं नाहीत कशालाच, नुसते पानांचे आकडे. एकशे बारा ते एकशे सोळा. ती वाचतेय, आणि फोन वाजतो. मशीन बंद करायचं सोडून तशीच उठते. फोन तुझा होता. … तुझाच. ‘बोल गं मोठे’ म्हणाली.

तुझा आवाज नाही येत त्यात. तिचाच येतो. हो… हो… जेवलीस का… अगं मला काय धाड भरलीये… नाही, धाकटीला सांगू नकोस, ती उगाच धावत येईल… काही नाही गं, मी ठीक आहे. हे तीनदा म्हणते. तिसऱ्यांदा जरा वरच्या आवाजात.

मग फोन ठेवते. आणि बराच वेळ काहीच नाही. खुर्चीसुद्धा वाजत नाही. मला वाटलं फाइल संपली. मग म्हणते, ‘चला.’ आणि जिथे थांबली होती त्याच ओळीवरून वाचायला लागते.

… ताई?



असे किती असतील माहीत नाही. तू दर रविवारी करायचीस ना? आणि ती रविवारी वाचायचीच.

… हं.

… नको, सांगू नकोस. तिचं दुखणं तिने तुला सांगितलं आणि मला नाही, ते मला कळलंय. त्यावर नंतर भांडू. खूप वेळ आहे भांडायला. आत्ता हब सांग.

हो, समोरच आहे सगळं. विचार.

दिवा? लागतो. निळा. … नाही, सारखा नाही, डिस्क लावली की मिणमिणतो.

म्हणजे? … हबच खातो? … बरं, म्हणजे चार्जरकडून येतं त्यातलं आधी हब घेणार, मग डिस्क, आणि उरलं तर लॅपटॉपला. सगळ्यांत मोठ्याला शेवटी. … आपल्या घरात उलटं होतं. … बरं बरं, चुकलं. पुढे बोल.

चार्जर इथलाच, टेबलावरचा. पांढरा. … छोटा आहे, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. … अगं टेबलावर कायम हाच असतो. मी तीन महिने बघतेय, दुसरा चार्जर पाहिलेलाच नाही.

वाचते, थांब. मुंगीच्या अक्षरात आहे. चष्मा… आउटपुट… वीस. वीस वॉट.

लॅपटॉपच्या पोटावर? उलटा करते… पासष्ट.

… ओह.

… म्हणजे हा मोबाइलचा चार्जर आहे?

म्हणजे तिन्ही हब… नाही, पहिला वाईटच होता, मान्य. पण हे दोन चांगले होते? मी त्या दुकानदाराला सकाळी काय काय बोलले. … उपाशी होते बिचारे. तिघांत एक भाकरी आणि मी त्यांना म्हणतेय काम करा.

मग तू मगाशीच का… बरोबर, मीच बोलू दिलं नाही.

पासष्टचा चार्जर आता आणू कुठून? दुकान बंद आहे ताई. चारला आणला तरी दोनशे जीबी…

कपाटात? कोणत्या? … अगं काहीतरीच काय, टॉवेल-चादरींच्या कपाटात चार्जर कशाला ठेवेल ती?

काय वाजतं? … मोठा चार्जर वाजतो? … घुं?

… मला नाही माहीत. मला कसं माहीत असणार? ती वाचायला बसली की मला शेजारी पाठवायची, मी बडबड करते म्हणून. तू आलीस की घरातच असायचीस. … तुला काम द्यायची? … फ्रिज बंद करायचा, नळ घट्ट करायचा… आणि?

… घड्याळ.

जातेय. जातेय गं, दारच घट्ट बसलंय. … वरच्या कप्प्यात चादरी. खाली टॉवेल. … मागे? हात पोचत नाहीये, फोन खांद्यावर… थांब.

थांब थांब.

टिकटिक होतेय.

… ताई, टॉवेलमध्ये गुंडाळलंय. चालू आहे. … पाच मिनिटं पुढे. ती ठेवायची तसंच. … हो गं, काच शाबूत आहे.

कधीचं असेल? शेवटचं वाचलं त्याला दोन महिने तरी… परत भिंतीवर लावायला उठलीच नाही ती. आणि मी रोज त्या खिळ्याकडे बघून मावशींवर संशय घेतेय.

… हो, शोधतेय. घड्याळाखाली आणखी काहीतरी आहे. शाल. तिचीच, करडी. … काळा. जड आहे. ह्याला म्हणतात होय चार्जर. पासष्ट. लिहिलंय. ठसठशीत.

पळतेय. … लावला. हबला लावला, हो, त्याच भोकात. … डिस्क काढून पुन्हा? … काढली. लावली.

बोलू नकोस.

… दिवा स्थिर आहे.

टकटक नाही. … बॅटरीचं चिन्ह… वर जातंय. चार टक्के. पाच. ताई, वर जातंय.

खरंच घुं वाजतो गं. मधमाशी असल्यासारखा. माझ्या कानाला एरवी जाणवलाही नसता.

हो, कॉपी सुरू केली. ‘केर’ म्हणून लिहून आलंय, वर हिरवी पट्टी सरकतेय. वेळ दाखवतोय… तीन तास. … नाही, बदललं. दोन दहा. … एक छप्पन्न. तिथेच थांबलंय. एक तास छप्पन्न मिनिटं. आता वाजले… दोन त्रेपन्न. म्हणजे चार एकोणपन्नास. अकरा मिनिटं हातात.

… थांब. एक कळलं नाही.

म्हणजे ह्या घुंमुळे ती चार्जर काढून वाचायची? … नुसत्या बॅटरीवर. म्हणून.

म्हणून शेवटच्या सगळ्या फायली नऊ मिनिटांच्या. ताई, ती असतानाच मी मोजल्या होत्या. मला वाटलं तिला तेवढाच दम आहे. मी डॉक्टरांना तसं सांगितलं होतं गं. नऊ मिनिटांवर तिला बोलवत नाही असं. त्यांनी लिहून घेतलं.

… लॅपटॉप दमायचा.

तेव्हा दोन-चार ऐकल्या, प्रत्येकीच्या शेवटी ती म्हणते, ‘दमला बिचारा.’ मला वाटायचं पुस्तकातल्या कोणाबद्दल बोलतेय. मग चाळीस मिनिटं तशीच बसून राहायची असेल ना, त्याचं पोट भरेपर्यंत? एकदा सांगायचं तरी, नवी बॅटरी टाका म्हणून. … हो, नसतंच सांगितलं. मी ठीक आहे म्हणाली असती. तीनदा.

नाही, रडत नाहीये. तू? … बरं. मीही तसंच म्हणतेय.

सात टक्के झालं. दोन हजार फायलींतल्या… नको, आकडे बघत नाही, नजर लागेल.

तुला दुसऱ्या डिस्कवर देईन. आधी रविवारचे शोधून देऊ? … बरं, सगळंच देते. तूच शोध.

घड्याळ? आतच आहे अजून, टॉवेलमध्ये. … नको, आत्ता नाही लावत. कॉपी होऊ दे आधी. … माहितीये ताई. माहितीये आता कोणी वाचत नाहीये. तरी पाचपर्यंत राहू दे तिथे.

आणि तोवर फोन करू नकोस. … नाही गं, रागावले नाही. वाजेल ना. मीच करेन, चार एकोणपन्नासला. … घड्याळाचे नाही, मोबाइलचे.

हो. नळ घट्ट केलाय. … फ्रिज? बरं, तोही करते.

ठेवते. फोन आत कपाटात नेऊन ठेवते.

चला.