बेवारस नग

बहीण : दादा, इस्त्री मग कर, आधी माझं भाषण ऐक. तासाभरात निसर्गमंडळाचा हॉल भरेल.

भाऊ : कान मोकळे आहेत माझे. चुरगळलेली साडी नेसून स्टेजवर गेलीस, तर या लाँड्रीवाल्या भावाचं नाक कापलं जाईल. बोल तू.

बहीण : "मित्रहो, दरवर्षी ही फुलपाखरं आपल्या टेकडीवरून हजारोंनी जातात..."

भाऊ : कुठे?

बहीण : झालं! पहिल्याच वाक्याला नाट लावलीस. कुठे तेच माहीत नाही. दोन वर्षांत खुणा करून चारशे बारा सोडली, एकाची खबर नाही. अध्यक्ष म्हणाले, आजचं भाषण झालं की हे काम बंद.

भाऊ : बंद तर बंद. उडू देत की बिचारी.

बहीण : अरे, इथली झुडपं आम्ही राखू. पण ती जातात तिथली कुणी तोडली तर? दुसरं टोकच माहीत नाही, तर राखणार काय, कपाळ? रडू येतं मला.

भाऊ : साडीवर नको रडूस, आत्ताच घडी बसवलीय. पुढे वाच.

बहीण : "प्रत्येकाच्या पंखावर आम्ही बारीक पेनाने 'नि' आणि आकडा लिहितो..."

भाऊ : काय लिहिता?

बहीण : 'नि'! निसर्गमंडळाचा. फोनवर हजारदा सांगितलंय तुला.

भाऊ : तुझं फुलपाखरांचं सुरू झालं की मी फोन काउंटरवर ठेवतो आणि गिऱ्हाइकं बघतो. थांब जरा. (इस्त्री उभी करून फोन लावतो, स्पीकर सुरू करतो.) अगं, ऐकतेस का? गेल्या महिन्याची नगांची वही काढ. ते फुलपाखरू आठवतं?

वहिनी : न आठवायला काय झालं! घडीच्या टेबलावर बसलं होतं. तुम्ही चष्मा लावून खूण वाचलीत आणि गल्लीभर विचारत सुटलात, 'नि' कुणाची म्हणून. समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई हसून बेजार!

भाऊ : कपडा असो की फुलपाखरू, खुणेचा नग दुकानात आला, तर वहीत चढवायला नको? वाच तू.

वहिनी : "नग एक. नि तीनशे सात. काळा, निळे ठिपके. डाग नाही. तारीख सव्वीस. मालक..." मालक कोरा.

बहीण : तीनशे सात मी या हातांनी सोडलंय, चौदा तारखेला! बारा दिवसांत तुमच्या दारात? आम्हाला तुमच्या गावी यायला बसने अख्खी रात्र लागते! दादा, गाढवा, महिनाभर गप्प बसलास?

भाऊ : मला वाटलं, कुणा पोराचा खेळ. चुकलोच गं.

बहीण : चुकलास कसला! वहीत चढवलंस, सोनं केलंस. वहिनी, दुकानामागे काय आहे?

वहिनी : नाल्याकाठची झुडपं. दरवर्षी भरतात तसल्याच फुलपाखरांनी. परवा सफाईवाले कोयते घेऊन आले होते. म्हटलं, माझे कपडे वाळतात तिथे, हात लावाल तर याद राखा!

बहीण : कुणाला तोडू देऊ नका. मी उद्या दादाबरोबरच येते. त्या पानाचा फोटो पाठवा फक्त.

वहिनी : पाठवते. पण वन्सं, मालकाच्या रकान्यात तुमचं नाव घालू का?

बहीण : नको. त्याला कसला मालक! नुसतं 'पोचलं' लिहा.

भाऊ : आणि अक्षर नीट काढ गं, हॉलमध्ये दाखवायचंय.