स्वस्त काडतुसांची बंदूक

आमच्या ह्यांच्या बंदुकीचं काय झालं ठाऊक हाय का? रानडुकरं मक्यात शिरली की हे बांधावरून मोठ्या रायफलीचा बार काढायचे. नेम कधीच लागला न्हाई, पण आवाजानंच डुकरं माढ्यापर्यंत पळायची. काडतुसं महाग पडतात म्हणून ह्यांनी रीतसर परवानगी काढून बारक्या, स्वस्त काडतुसांची नळी बसवून आणली.

दिवेलागणीला डुकरं आली. ह्यांनी बार काढला. टिक! एका डुकरानं मान वर करून बघितलं आन पुन्हा कणसाला लागलं. डोळ्यादेखत मका चालला की! मी परात आन उलथनं घेऊन बडवतच धावले, तशी डुकरं पसार.

हे म्हणाले, “बघ, स्वस्तात काम झालं की न्हाय?”

म्हटलं, “व्हय. आता परातीचं लायसन माझ्या नावावर काढा.”