गाडी बिघडली नव्हती

बाईसाहेब, सरपंच, वकील मंडळी, आन समद्या कोळवण खोऱ्यातल्या आयाबहिणींनो, भावांनो. साहेबांच्या शोकसभेत माझ्याआधी मोठमोठी माणसं बोलली. मी बाळू, घोटावड्याचा, साहेबांचा डायव्हर. माईक पयल्यांदाच धरलाय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

साहेब आमदार झाले तवा जीप मीच चालवायचो. एकदाच झाले. दुसऱ्या खेपेला उभंच ऱ्हायले न्हाईत. पुन्यांदा काळा कोट घातला, वकिली केली, आन पुढं हायकोर्टात न्यायमूर्ती झाले. तितं सरकारी गाडी, सरकारी डायव्हर. मी हितंच. रिटायर होऊन घरी आले आन मला म्हणाले, "बाळू, दुसऱ्याच्या गाडीत मला झोप लागत नाही रे." असा माणूस!

आज समद्यांनी त्यांचे लई निकाल सांगितले. एक कुणीच सांगितला न्हाई. त्यो मी सांगतो.

उरवड्याच्या अनुसयाआक्का. नवराबायको आयुष्यभर जमीन कसत आले, पण ती नावावर न्हवती. हक्क मागायचा अर्ज मुदतीत द्यायचा व्हता. कारभारी दवाखान्यात, आक्का त्यांच्या उशाशी. अर्जाला अकरा दिस उशीर झाला. प्रकरण चढत चढत साहेबांपुढं गेलं. कायद्यात उशीर माफ करायची सोयच न्हवती. साहेबांनी निकाल दिला. जमीन गेली.

आन ऐका, मंडळी. ही मुदत घालणारा कायदा झाला तवा साहेब सोता विधानसभेत बसलेले. मला गाडीतच म्हणाले, "जेवण झालेलं, डोळे मिटत होते. सगळे 'होय' म्हणाले, मीही म्हणालो. वाचलासुद्धा नव्हता, बाळू. आणि पुढे तोच कायदा माझ्याच टेबलावर आला." मी म्हणलं, "साहेब, तुमी कायद्यानंच केलं की." तर चिडले. "ते मला सांगू नकोस. मला उरवड्याला ने. बाईंची माफी मागायची आहे."

मी न्हेलं न्हाई.

न्हाई न्हेलं! मला वाटलं, एवढा मोठा माणूस, कुणाच्या दारात हात जोडणार व्हय? लोक काय म्हणतील? एकदा म्हणलं, रस्ता खणलाय. एकदा म्हणलं, आक्का लेकीकडं गेल्यात. गेल्या बुधवारी साहेब चपला घालून दारात उभे. मी म्हणलं, क्लच गेलाय. "बरं," म्हणाले. चपला काढल्या, आत गेले. शुक्रवारी साहेब गेले.

बाईसाहेब, गाडी धडधाकट व्हती. हे तुमाला बी आजच कळतंय.

तवापासनं गाडीत बसलो की मागनं आवाज येतुया. "बाळू, उरवड्याला चल." आरशात बघतो, मागं कुणी नसतं. खुळा म्हणायचं तर म्हणा. भर दुपारी येतुया. कालपासनं चावीला हात लावला न्हाई मी.

आक्का, तुमी आलाय. त्या खांबापाशी बसलाय, मला दिसतंय. का आलाय, ठावं न्हाई. साहेब तुमाला म्हणणार व्हते, "बाई, माझं चुकलं. दोन्ही वेळा चुकलं." एवढंच. ते मी तुमच्या कानावर पडू दिलं न्हाई. माझं पाप येगळं, त्याची माफी मी तुमच्या दारात येऊन मागीन.

आता साहेबांसाठी दोन मिन्टं गप उभं ऱ्हायचंय. उठा, मंडळी. आक्का, तुमच्या मनात नसलं तर बसूनच ऱ्हावा. कुणी त्यांना उठवायचं न्हाई.