त्राटिका पडायची नाय

कोंडू : सूप ऱ्हाऊ दे मांडीवर, पन कान इकडं दे वयनी. गोष्ट सांगतो. अशी गोष्ट का ऐकून तूच म्हणशील, कोंडूची अक्कल बैलानं खाल्ली.

बाईजा : ते मी गोष्टीबिगर पन म्हंते, भावजी. त्राटिकेचा मुखवटा मागाया आलाव ना? नाय मिळायचा. आमचे हे गेले तवापासून कोनी घातला नाय तो.

कोंडू : बुधूदादा असता त्राटिका नाचाया तर मला हा वनवास नसता. ऐक तरी. मी बॅले बसवलाय.

बाईजा : ते काय आनखी?

कोंडू : बिनबोलीचा नाच. नुसत्या अंगानं गोष्ट सांगायची. मुरबाडच्या सरांनी समजावलं. मी म्हटलं, सर, आमच्या बोहाड्यात तरी देवाराक्षसांचे मुखवटे घालून नाचताना कोन भाषण करतो?

बाईजा : मंग नवीन काय त्यात?

कोंडू : त्राटिका! दरसाल राम येतो, बाण मारतो, त्राटिका धाडकन आडवी. का गो? रान तिचं, ती तिथलीच. उद्या आपल्याला डोळखांबच्या रानातून कोनी उठवलं तर आपुन आडवं पडायचं का? म्हनून माझी त्राटिका पडायची नाय. बाण लागला तरी उभी.

बाईजा : देवाच्या गोष्टीत हात घालताव.

कोंडू : राम तसाच हाय. बाण मारतोच. फकस्त ती पडत नाय. एवढंच! नि एवढंच होईना! त्राटिकेला आपल्या पाड्यातला हनुमान घेतला. कल्याणला डान्स शिकून आलेला गडी. शामनं संबळावर मरनाचा ठोका धरला का हा खाली! मी बोंबललो, उठ रे मेल्या! तर म्हनतो, काका, मी नाय पडलो, पाय पडले.

बाईजा : मंग दुसरा घ्या.

कोंडू : घेतली ना, रविना. ती बी पडली. दिपालीला म्हटलं, खांब धर. खांब धरून बसली!

बाईजा : बाया पन त्राटिका?

कोंडू : बोहाड्यात नाय. बॅलेत चालतं.

बाईजा : अवो, लहानपनापासून बघितलंय त्यांनी. ठोका आला का पडायचं. अंगात मुरलंय ते. ठोका बदला.

कोंडू : बदलला. मंग मरायची वेळ आली हेच कळंना कोनाला. उद्या मुरबाडला खेळ हाय, वयनी. तिथं बी पडली तर काय केलं मी? आपलीच बाय एवढ्या लांब नेऊन परत मारून आनली. वैताग आलाय नुसता. ती बादली दे. तूच ऐक, असं काय हाय त्या ठोक्यात.

(उपड्या बादलीवर ठोका धरतो. सुपातले तांदूळ अंगणभर सांडतात.)

बाईजा : गेलं! निवडलेलं सगळं मातीत! थांबवा ती बादली!

कोंडू : तू उठलीस कशाला?

बाईजा : मी? पानी न्याया.

कोंडू : कोनाला?

बाईजा : ह्यांना. त्राटिका पडली का घरच्या बाईनं तांब्या घेऊन उठायचं, मुखवटा उतरवायचा, पानी पाजायचं. आपल्या पाड्याची रीत ना ती? तुमी काय नवीन हाव? ह्या ठोक्याला मी बसून नाय ऱ्हायले कदी. अंगात ताप होता तवा पन उठले... असं काय बघताव?

कोंडू : वयनी, सगळा पाडा पडतो त्या ठोक्याला. तू उठतेस.

बाईजा : नको हां भावजी. मुखवटा घालायची रीत नाय आमा बायांची. आमी फकस्त उतरवतो.

कोंडू : मुखवटा ऱ्हाऊ दे खुंटीला. उघड्या तोंडानं ये. त्राटिका बसलेली. राम येतो. बाण सुटतो. ठोका लागतो, नि ती उठते. बस.

बाईजा : नि तांब्या? हे नाय तर पानी कोनाला पाजू?

कोंडू : घेऊन ये तांब्या. औंदा तू पी. येशील ना गो?