सतराव्या ओळीतला पीळ

…नाही, पण मी म्हणते, ज्या बाईनं हा विणकामाचा नमुना लिहिला, तिनं आयुष्यात कधी समुद्र पाहिला असेल का हो? पुस्तकात काय लिहिलंय ऐका. 'लाटांची नाजूक जाळी, नावेच्या दोरखंडाचा पीळ, खांद्यावर घ्या सागरकिनारा!' घ्या खांद्यावर! मी समुद्रावर गेलेय, दोनदा. दोन्ही वेळा चपलेत वाळू, केसांचा झाडू, आणि आमच्या ह्यांचं तोंड एवढं झालेलं, कारण बसायला पाठ असलेली खुर्ची नव्हती. हे कुठं विणायचं, सांगा! बरं, वस्तू काय, तर केपलेट. म्हणजे शाल म्हणावी तर कोपरापर्यंत पोचायच्या आत संपते, स्वेटर म्हणावा तर बाह्यांचा पत्ता नाही, आणि घालायला गेलं की पोट गार नि गळा गरम! म्हणे समुद्र!

तुम्ही म्हणाल, मग विणलंस कशाला? वन्संसाठी. द्यायला नाही हो, दाखवायला! वन्सं म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. विणकामात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, असं त्या स्वतःच सांगतात. काहीही विणून न्या, त्या आधी उलटं करून बघणार. "सुलट बाजू काय, सगळ्यांचीच बरी असते गं," म्हणत चष्मा नाकाच्या टोकावर आणणार नि गाठी शोधणार. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या तान्ह्या मुलीला टोपडं विणलं होतं. ते उलटं केलं, सुलटं केलं, आणि चार बायकांसमोर म्हणाल्या, "छान हो! किटलीवर घालायला होईल." आणि घातलं की! नळीसाठी भोकसुद्धा पाडावं लागलं नाही, ते माझं आधीच पडलेलं होतं! एकतीस वर्षं झाली. त्या बाईच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "चांगलं झालंय" ऐकायचं होतं मला. दुसरं काही नको.

मी बसते दातांच्या दवाखान्यात, काउंटरवर. नाव विचारा, नंबर द्या, "थुंकायचं तिकडे" म्हणा, मधल्या वेळात विणा. पण हे पेशंट! गाल सुजून भोपळा झालाय, धड बोलता येत नाही, तरी मत द्यायचंच. "काय विणताय, टीव्हीचं कव्हर?" एक आजोबा तर कवळी हातात धरून, "माशे पकडायचं जाळं का ओ?" आणि आमचे डॉक्टर! दारातून डोकं बाहेर काढून म्हणतात, "ही भोकं चुकून पडली की मुद्दाम?" मुद्दाम हो, मुद्दाम! तुम्ही लोकांची बुजवता, मी पाडते! धागा सुईवर उगाच एकदा घ्यायचा, पुढचे दोन टाके एकत्र विणायचे, पडलं भोक. अशी ओळीला चाळीस. त्याला जाळी म्हणायचं. आणि म्हणे समुद्र!

जाळी एक वेळ परवडली, पण तो पीळ! सहा टाके. पहिले तीन एका आखूड सुईवर काढून पुढे लोंबत ठेवायचे, उरलेले तीन विणायचे, मग लोंबलेले विणायचे. वळला दोर डावीकडे. उजवीकडे हवा तर सुई मागे ठेवायची. संपलं! शेंबडं पोर लक्षात ठेवील. पण सतराव्या ओळीला, घरी आखूड सुई हातात असताना, आमचे हे आले. "अगं, माझा चष्मा कुठंय?" डोळ्यांवर. "हा नव्हे गं, वाचायचा!" आता या माणसानं उभ्या जन्मात औषधाच्या पाकिटापलीकडे काही वाचलेलं नाही, पण मी शोधून दिला, परत विणायला बसले, आणि पुढची सुई ठेवली मागे. कळलं कधी? साठाव्या ओळीला! बाकीचे दोर गुमान वळताहेत आणि डाव्या खांद्यावर एकच आपला तोंड फिरवून बसलाय… वन्संसारखा!

आता उसवायचं? अहो, जाळी उसवणं म्हणजे काय खाऊ आहे? एक टाका सुटला की चार भोकं घेऊन पळतो. अशा त्रेचाळीस ओळी! म्हटलं, खपून जाईल. पुरं केलं, धुतलं, तर हातात काय आलं? ओट्यावरचं फडकं! ते ओलंच पलंगावर ताणायचं, चहूबाजूंनी शंभर टाचण्या टोचायच्या, तेव्हा कुठं जाळी उघडते. दोन दिवस पलंग अडला. आमचे हे खुर्चीत डुलक्या काढत फोनवर भावाला सांगताहेत, "आमच्या घरात आता आडवं व्हायला जागा नाही." अरे, म्हणावं, एवढा मोठा समुद्र आलाय घरी, दोन दुपारी बसून झोपलास तर काय बिघडलं? म्हणे समुद्र…!

गेले एकदाची वन्संकडे. अंगात घालूनच. त्यांनी हात पुढे केला, मी काढून दिलं, डावा खांदा मुद्दाम घडीच्या आत. आणि तुम्हाला सांगते, वन्संनी ते उलटं केलंच नाही! खिडकीपाशी नेलं, घडी मोडली आणि नुसती बोटं फिरवत राहिल्या. जाळीवरून, दोरांवरून, वर वर… सतराव्या ओळीशी अंगठा थांबला. मग अंगठा पुढे सरकला.

"चांगलं झालंय," म्हणाल्या.

एकतीस वर्षं! आणि मला काय वाटलं असेल? राग आला, राग! एवढी धडधडीत चूक दिसत नाही? मग टोपड्यातली बरी दिसली होती! तेवढ्यात त्यांनी चहाचा कप टेकवला, तो बशी सोडून हवेत. त्यांच्या लेकीनं, त्याच टोपडेवालीनं, तो वरच्या वर धरला नि हळूच म्हणाली, "मामी, आईला हल्ली सगळं धुरकट दिसतं. मोतीबिंदू. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे." घ्या! शाबासकी मिळाली, तीही न बघता! आणि खोटं कशाला बोलू, एवढ्याशा दिसल्या हो मला त्या खिडकीपाशी. म्हटलं, जाऊ दे, नाहीच दिसलं तर नाही… पण ती बाई मला धड वाईट तरी वाटू देईल का? केपलेटची घडी केली, डावा खांदा बरोब्बर वर ठेवला, आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, "माझे डोळे झाले की परत घेऊन ये गं. उजेडात नीट बघू."

तर बसलेय उसवत. समोर आमचे हे, लोकरीचा गुंडा गुंडाळताहेत. "अगं, एक पीळ तर आहे, कुणाला दिसणार आहे?"

म्हटलं, पुढच्या महिन्यात दिसणार आहे. गुंडाळा मुकाट्यानं.