सत्तर वर्षांची बाई

दाताच्या दवाखान्यात माझ्यासमोरच्या बाकावर आई आणि मुलगी बसल्या होत्या. आईच्या हातात अर्ज भरायचा टॅब होता.

“अगं, कुठे दाबू ते सांग ना. नुसती बघत काय बसलीस?”

“सवय गं. अ‍ॅप वापरताना लोक कुठे अडतात ते बघणं, हेच तर माझं काम. आम्ही मध्ये बोलायचं नसतं.”

“मग आज सुट्टी कशी मिळाली?”

“आता अ‍ॅप वापरून बघायला माणसं बोलवतच नाहीत. एआयला सांगतात, तू सत्तर वर्षांची बाई हो. ते होतं.”

“लगेच होतं? गुडघे दुखतात का त्याचे?”

“विचारलं तर दुखतात म्हणेल.”

“आणि अ‍ॅपबद्दल काय म्हणालं?”

“सोपं आहे म्हणालं. दोन मिनिटांत अहवाल तयार. साहेब खूश.”

“मग खरी बाई काय वेगळं सांगणार होती?”

“तू अर्ज भर आधी.”

“भरला की. सोपा होता.”

“आई, चारदा चष्मा पुसलास. आणि जन्मतारखेपाशी दोनदा मागे गेलीस.”

“ते लिहू नकोस हं कुठे.”

“लिहायला कोण सांगतंय आता.”